जुन्या ओक फ्लोअरची चमक परत आणायचीय, पूर्ण घासून घ्यावं की नुसतं पॉलिश चालेल?

मधुरा_एडिसन

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मार्चमध्ये न्यू जर्सीत एडिसनला घर घेतलं, १९५४ चं बांधकाम आहे, आधीच्या आजी चाळीस वर्षं इथे राहिल्या आणि डायनिंग सोडून सगळ्या घरभर जाड कार्पेट. मागच्या शनिवारी नवऱ्याने कपाटातला कार्पेटचा एक कोपरा सहज उचकटून बघितला तर खाली ओकच्या अरुंद पट्ट्या! मग काय राहवतंय, दोन दिवस खपून लिव्हिंग रूम आणि दोन बेडरूम उघड्या केल्या, पक्कड घेऊन जमिनीवर बसून एकेक स्टेपल उपटला, बोटं अजून दुखतायत. लाकूड मधोमध चांगलं आहे पण अगदी निस्तेज, मळकट पिवळं. कडेला खिळ्यांच्या पट्ट्या होत्या तिथे भोकं पडलीयत आणि खिडकीखाली एक काळा डाग आहे, परातीएवढा, बहुतेक कुंडी असणार तिथे.

डायनिंगचं दुखणं वेगळं आहे. तिथे कार्पेट नव्हतं, पण जमिनीवर धुरकट काहीतरी बसलंय, उन्हात तिरकं बघितलं की ढगाळ दिसतं आणि अनवाणी चाललं की पायाचा ठसा उमटतो. मी दुकानातून चमक परत आणणाऱ्या पॉलिशची एक बाटली आणली आणि कोपऱ्यात चार फूट बाय चार फूट लावून बघितलं, पहिल्या दिवशी झकास दिसलं, तिसऱ्या दिवशी पांढरे ओघळ. आता तो भाग आधीपेक्षा वाईट दिसतोय आणि मला खूप वाईट वाटतंय, कारण इतकी वर्षं झाकून राहिलेलं चांगलं लाकूड आपल्या हातून बिघडायला नको.

एका कॉन्ट्रॅक्टरने येऊन सगळं घासून तीन कोट मारायचे ४००० डॉलर सांगितले. घर घेऊन हात आधीच रिकामे झालेत, आणि सहा आठवड्यांवर वास्तुशांत आहे, आई-बाबा नाशिकहून येतायत. घरच्या घरी करता येईल का? कोणी केलंय का? आणि होम लाकडी जमिनीवर करायचा म्हणजे काय काळजी घ्यायची तेही सांगा प्लीज.

राहुल_डॅलस

ताई फार विचार करू नका, ड्रम सँडर भाड्याने मिळतो, एका वीकेंडमध्ये सगळं घासून काढा आणि वर पॉलियुरेथेन, म्हणजे ते प्लॅस्टिकसारखं पारदर्शक फिनिश, मारा. नवीन होऊन जाईल. आमच्या शेजाऱ्याने केलंय.

सुताराचा_मुलगा

मधुराताई, थांबा, सँडर आणायची घाई अजिबात करू नका. राहुलभाऊंचा सल्ला चुकीचा नाही पण तो शेवटचा उपाय आहे, आणि ड्रम सँडर पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने चालू मशीन क्षणभर जरी एका जागी थांबवलं तरी लाकडात खळगा पडतो, तो मग जन्मभर उन्हात दिसत राहतो.

माझे वडील सावंतवाडीचे सुतार. मी इथे फिलाडेल्फियाजवळ राहतो, नोकरी कॉम्प्युटरची आहे, पण १९४८ चं घर घेतलं तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉलवर घेऊन सगळी फ्लोअर मी हाताने केली. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की वर चढवलंय काय? लाकूड ओकचं आहे की सागाचं हे त्यांनी नंतर विचारलं. कारण आपल्याला जी चमक दिसते ती वरच्या थराची असते, आणि तो थर कशाचा आहे ते कळल्याशिवाय त्यावर काहीही लावलं तर तुमच्या त्या बाटलीसारखं होतं. मेणावर पॉलियुरेथेन मारलं तर ते धरतच नाही, दूध थंड झाल्यावर साय सुटते तसं सोलून येतं.

तुमचं घर १९५४ चं. पॉलियुरेथेन घराघरातल्या फ्लोअरवर आलं ते साधारण १९६० नंतर. त्याआधी बहुतेक वेळा शेलॅक किंवा व्हार्निश, आणि वर मेण. शेलॅक म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली लाख. पळसावर, कुसुमावर, बोरीवर किडे जी लाख करतात, तिचा चपडा, म्हणजे पातळ पापुद्रे, करून स्पिरिटमध्ये विरघळवला की झालं शेलॅक. त्या काळी अमेरिकेत येणारी बरीचशी लाख भारतातूनच यायची. आमच्या चितारआळीतल्या खेळण्यांवर लाखेचंच काम बघत मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे इथल्या जमिनीवर ती सापडली तेव्हा बाबांना केवढा आनंद झाला होता.

आता परीक्षा कशी करायची सांगतो, कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात करा, कोणाला दिसत नाही तिथे. पाण्याचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंबाखाली पांढरट डाग आला तर वर मेण आहे. मग दुसऱ्या जागी डीनेचर्ड अल्कोहोल, म्हणजे आपले पॉलिशवाले ज्याला नुसतं स्पिरिट म्हणतात ते, त्याचा एक थेंब टाका. मिनिटभरात थर मऊ होऊन बोटाला चिकटला तर शेलॅक. काहीच झालं नाही तर व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन. हीच परीक्षा डायनिंगमध्ये वेगळी करा, दोन खोल्यांत एकच थर असेल असं धरून चालू नका.

आणखी एक, हीटिंगच्या व्हेंटची जाळी जमिनीत असेल तर ती उचला आणि कापलेली कड बघा. पाऊण इंच जाडीची अख्खी ओकची फळी दिसायला हवी. वरच्या पृष्ठभागापासून फळ्या एकमेकींत अडकवायच्या खालच्या खाचेपर्यंत साधारण पाव इंच लाकूड असेल, घासायला मिळतं ते तेवढंच. आधी दोनतीनदा घासलेली असेल तर ते कमी भरेल. प्रत्येक वेळी घासताना आपण त्या मोजक्या लाकडातलं थोडं कायमचं खर्च करत असतो, म्हणून नुसत्या मळासाठी मशीन लावायचं नाही. रिझल्ट इथे टाका, मग पुढचं सांगतो.

तन्मय_टोरांटो

वर सांगितलंय ते सगळं बरोबर आहे, मी फक्त डायनिंगबद्दल लिहितो कारण आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. पायाचे ठसे आणि ढगाळपणा म्हणजे ॲक्रिलिक पॉलिशचे थर आहेत ताई. दुकानातली बरीचशी चमक आणणारी पॉलिशं म्हणजे पाण्यातलं पातळ प्लॅस्टिक असतं, वाळून एक फिल्म राहते, पुढच्या महिन्यात वर दुसरी, मधे मळ अडकतो. तुमची चूक एवढीच की तुम्ही त्यावर आणखी एक थर दिलात, तो निघतो, काळजी नको.

खालचा थर पॉलियुरेथेन असेल तर कोमट पाण्यात थोडा घरगुती अमोनिया घालून एका वेळी दोन-तीन फुटांचा तुकडा पुसायचा, मिनिटभर थांबून पांढऱ्या नायलॉनच्या पॅडने हलकं घासायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. पाणी साठू द्यायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि ब्लीच जवळपासही आणू नका, अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो. पण खालून शेलॅक निघालं तर अमोनिया लावू नका, तो शेलॅकही विरघळवतो, म्हणून ती थेंबाची परीक्षा आधी.

आणि १९७८ च्या आधीचं घर आहे म्हणून काहीही घासायच्या आधी शिशाची टेस्ट किट आणून बघा. जुन्या रंगात आणि व्हार्निशमध्ये शिसं असू शकतं, तुमच्याकडे लहान मूल असेल तर ही गोष्ट अजिबात सोडू नका.

मधुरा_एडिसन

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री मुलीला झोपवून दोघांनी टॉर्च घेऊन सगळ्या परीक्षा केल्या. (मुलगी ४ वर्षांची आहे, शिशाची किट आधी आणली, दोन्हीकडे निगेटिव्ह.)

लिव्हिंग रूम: पाण्याखाली पांढरं आलं. आणि स्पिरिटचा थेंब टाकला तिथे तर थर चक्क मधासारखा चिकट झाला, बोटाला तार आली! म्हणजे शेलॅक आणि वर मेण, बरोबर ना? बेडरूममध्येही तेच.

डायनिंग: पाण्याने काही नाही, स्पिरिटनेही काही नाही. अमोनियाच्या पाण्याने एक फूट पुसलं तर वरचं ढगाळ पांढरं होऊन गोळा झालं आणि खाली छान चकचकीत थर दिसला, फक्त चालायच्या वाटेवर तो घासला गेलाय.

व्हेंटची जाळी उचलली, पाऊण इंच अखंड फळी आहे. आता पुढे?

सुताराचा_मुलगा

वा, मग तुमचं काम बरंच सोपं झालं. शेलॅक निघालं याचा मला फार आनंद झालाय, कारण शेलॅकची एक खुबी आहे जी पॉलियुरेथेनला नाही, नवा कोट जुन्या कोटातच विरघळून एकजीव होतो. त्यामुळे घासून लाकूड उघडं करायची गरजच नाही, फक्त वरचं मेण आणि मळ पूर्ण गेला पाहिजे.

लिव्हिंग आणि बेडरूम असं करा. आधी व्हॅक्यूम, दोनदा, फटींतून पण. मग मिनरल स्पिरिट, आपल्याकडचं टर्पेंटाईन समजा, सुती फडक्यावर घेऊन एका वेळी तीन बाय तीन फुटांचा तुकडा फळीच्या रेषेने पुसायचा, जिथे मळ जास्त तिथे तीन झिरोची स्टील वूल, म्हणजे बारीक तारेची लोकर, त्यातच बुडवून हलक्या हाताने फिरवायची. फडकं सारखं बदलायचं, त्याच मळक्या फडक्याने पुसत बसलात तर विरघळलेलं मेण परत तिथेच पसरतं. फडकं पांढरं राहीपर्यंत करायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळा निकाल यावरच आहे. खिडक्या उघड्या, गॅसचा पायलट, म्हणजे सतत जळणारी बारीक ज्योत, बंद, मुलगी त्या दिवशी मैत्रिणीकडे.

मग भोकं. लाकडाच्या भुशात शेलॅक कालवून लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, करा आणि खिळ्यांची भोकं भरा. पट्ट्यांमधल्या बारीक फटी मात्र भरू नका. हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी होऊन लाकूड आकसतं, फट दिसते, जूनमध्ये दमट हवेने फुगून आपोआप मिटते. भरलेली फट फुगताना मसाला बाहेर फेकते. घरातली आर्द्रता वर्षभर ३० ते ५० टक्क्यांत राहिली तर फटींचा त्रास होत नाही.

मग शेलॅकचा पातळ कोट, रुंद नॅचरल ब्रशने, खिडकीकडून दाराकडे, फळीच्या रेषेत, आणि एकदा ब्रश फिरवला की तिथे परत जायचं नाही, स्पिरिट उडायला लागलेलं असतं, ब्रश ओढला की ओरखडे दिसतात. पातळ दोन कोट एका जाड कोटापेक्षा कितीतरी चांगले. तासा-दोन तासांत वाळतं, दुसऱ्या दिवशी मोजे घालून चालायला हरकत नाही. आठवडाभराने वर पेस्ट मेण अगदी थोडं, नुसतं हात ओला झाल्यासारखं, आणि अर्ध्या तासाने जुन्या ब्लँकेटच्या तुकड्याने घासायचं. बाबा गावी हे काम नारळाच्या सोडणाने करायचे, अर्धं सोडण पायाखाली धरून माडीभर फिरायचे आणि मागे चमकती वाट उमटत जायची, मला ती वाट अजून दिसते.

शेलॅकचं कमकुवत अंग पण सांगतो. पाणी तासभर राहिलं तर पांढरा डाग पडतो, सॅनिटायझर सांडला तर थर विरघळतो, गरम भांडं ठेवलं तर संपलंच. स्वयंपाकघरात मी शेलॅक लावणार नाही. पण खरवडलं गेलं तर तेवढाच भाग दुरुस्त होतो, सगळी खोली करावी लागत नाही.

डायनिंगला अमोनियाने ॲक्रिलिक काढलंत की दोनतीन वेळा साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसून नीट वाळू द्या. मग बफर मशीन भाड्याने आणा, तो ड्रम सँडर नाही, सपाट गोल फिरणारं असतं, त्याला १५० नंबरची घासायची जाळी लावून फक्त वरचा थर खरवडायचा, लाकडापर्यंत जायचंच नाही. धूळ पूर्ण टिपून पाण्यातल्या पॉलियुरेथेनचे दोन कोट. पण सगळीकडे मारायच्या आधी एका कोपऱ्यात हातभर मारून दुसऱ्या दिवशी नाण्याच्या कडेने खरवडून बघा. पापुद्रे निघाले तर अजून पॉलिश उरलंय, परत साफ करा.

आता एक गोष्ट, ही कृपा करून नीट वाचा. मळकी फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. टर्पेंटाईनची फडकी ठिणगीने पेटतात हे आपल्याला माहीत असतं, पण अळशीच्या तेलाची किंवा तेलाच्या फिनिशची फडकी ठिणगीशिवाय आपोआप पेटतात, तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, ढिगात उष्णता बाहेर पडत नाही. इथे फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ ला वन मेरिडियन प्लाझाच्या २२ व्या मजल्यावर आग लागली ती अशाच तेलाच्या फडक्यांनी, लाकडी पॅनेलचं काम चालू होतं तिथे. तीन अग्निशामक जवान गेले. मी त्या भागातून जातो तेव्हा आठवण येतेच. फडकी बाहेर अंगणात एकेक सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावा. घासलेल्या जुन्या व्हार्निशचा भुसासुद्धा मशीनच्या पिशवीत रात्रभर घरात ठेवायचा नाही.

वैजयंती_पुणे

मधुरा, अगं किती छान घर घेतलंस, आणि त्या लाकडाची एवढी काळजी करतेस हे वाचून बरं वाटलं. आमच्या वाड्यात सागाच्या फळ्यांची माडी होती, आजोबा दर दिवाळीआधी अळशीचं तेल कापडाने चोळायचे, तेव्हा ते फडक्यांचं आम्हाला माहीत नव्हतं पण ते नेहमी फडकी दोरीवरच वाळत घालायचे, आता कळलं का ते.

मी होमाबद्दल सांगते. लाखेच्या जमिनीवर होमकुंड थेट ठेवायचं नाही, लाख ऐंशी अंशांच्या आसपास वितळते आणि कुंडाचा तळ त्याहून कितीतरी गरम होतो. माझ्या मुलाने शिकागोत केलं तसं कर: खाली सिमेंट बोर्डाचा मोठा तुकडा, त्यावर विटांचा थर, विटांवर पसरट परातीत तीन बोटं वाळू, आणि मग कुंड. विटांच्या खालून हवा खेळायला हवी म्हणून विटा थोड्या सुट्या मांड. तूप उडतं ना, म्हणून भोवती चार फूट जुनी सुती सतरंजी, पण कुंडापासून लांब. गुरुजींना आधी सांगून ठेव म्हणजे आहुत्या लहान देतील. आणि जमीन करून निदान दोन आठवडे तरी जाऊ देत, स्पिरिटचा वास असताना अग्नी नकोच. शक्य असेल तर गॅरेजचं दार उघडं ठेवून तिथेच होम करा आणि पूजा आत, आमच्याकडच्या गुरुजींनी तेही चालतं म्हणून सांगितलं होतं.

रांगोळीचं मात्र लक्षात ठेव. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, पायाखाली आली की पॉलिश पेपरसारखी घासते. पाटावर किंवा चौरंगावर काढ, आणि उचलताना झाडू न मारता आधी ओल्या कापडाने टिपून घे. समईखाली ताट ठेव, तेलाचा एक थेंब फटीत गेला की वर्षभर गोल डाग दिसतो. हळद सांडली तर घाबरू नकोस, पुसून घे आणि ऊन लागू दे, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

राहुल_डॅलस

हे सगळं मला माहीतच नव्हतं, मी सरळ सँडर म्हणालो होतो. आमचं घर २०१६ चं आहे, जाळी उचलून बघितलं तर वर लाकडाचा जेमतेम दोन मिलिमीटरचा पापुद्रा आणि खाली प्लाय. आमच्याकडे घासायला मिळणारच नाही बहुतेक. मग चमक कशी ठेवायची?

तन्मय_टोरांटो

राहुल, इंजिनिअर्ड आहे ते, दोन मिलिमीटरमध्ये पूर्ण सँडिंगचं नाव काढू नकोस. वरचा कोट शाबूत आहे तोवर नुसता मायक्रोफायबर मॉप, कोरडा, आणि आठवड्यातून एकदा फ्लोअरसाठीचं न्यूट्रल क्लीनर अगदी कमी फवारून. व्हिनेगर नको, आम्लाने थर हळूहळू निस्तेज होतो. स्टीम मॉप तर अजिबात नको, वाफ फटींत शिरून पट्ट्या कडेने उचलतात. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लाव आणि ते दर सहा महिन्यांनी बदल, त्यात खडा अडकला की तोच ओरखडे काढतो. आपली चपला दाराबाहेर काढायची सवय फ्लोअरचं निम्मं काम करते, दाराशी आत-बाहेर दोन पायपुसणी ठेवली की झालं.

मधुरा_एडिसन

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

लिव्हिंग रूमचं पहिलं फडकं मी टर्पेंटाईनमध्ये बुडवून फिरवलं आणि उलटं करून बघितलं तर चहाचा चोथा गाळल्यासारखं तपकिरी. एका खोलीला सत्तावीस फडकी लागली, नवऱ्याचे सगळे जुने टीशर्ट संपले. पण मळ जसजसा निघाला तसतशा ओकच्या रेषा वर आल्या, काही फळ्यांत मधासारखा रंग, काहींत लालसर, आम्ही दोघं जमिनीवर बसून नुसते बघत होतो. शेलॅकचा पहिला कोट खिडकीपासून सुरू केला, दाराशी पोचेपर्यंत मागचा भाग वाळत आला होता, एका जागी परत ब्रश मारायचा मोह झाला आणि तिथे ओरखडा दिसतोच, सोफ्याखाली येतोय म्हणून सोडला. दुसरा कोट जास्त नीट गेला. फडकी सगळी कुंपणावर एकेक पसरली होती, शेजारच्या काकूंनी विचारलं की हे काय वाळत घातलंय, त्यांना पण सगळं सांगितलं.

डायनिंगला नाण्याची परीक्षा पहिल्यांदा फेल झाली, पापुद्रा निघाला. परत अमोनिया, परत दोन दिवस वाळवलं, दुसऱ्यांदा पास. बफर नवऱ्याने चालवला, सुरुवातीला मशीन त्यालाच ओढत होतं, मग हँडल थोडं वर-खाली केलं की डावी-उजवीकडे जातं हे कळलं. एकूण खर्च मशीनच्या भाड्यासकट ३५० डॉलरच्या आत.

काळा डाग मात्र गेला नाही. थोडा फिका झाला, पण परातीएवढा अजून आहे. सुतारदादा, यावर काही आहे का?

सुताराचा_मुलगा

ताई, फार छान काम झालंय, बाबांना तुमचं वाचून दाखवलं, ते म्हणाले सत्तावीस फडकी म्हणजे मनापासून केलंय.

तो डाग कुंडीच्या पाण्याचा आहे. ओकमध्ये टॅनिन असतं, पाण्यातलं लोखंड, किंवा कुंडीखालच्या स्टँडचं, त्याला लागलं की काळी शाई तयार होते, ती लाकडाच्या आत गेलेली असते म्हणून वरून पुसून जात नाही. ऑक्झॅलिक ॲसिडने जातो, पण त्यासाठी तिथला शेलॅक काढून लाकूड उघडं करावं लागतं, ते विषारी आहे, हातमोजे, चष्मा, मास्क, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, मग साध्या पाण्याने. चार वर्षांची मुलगी आणि पाहुणे तोंडावर असताना आत्ता करू नका. वास्तुशांत होऊ दे, आई-बाबा परत गेले की एका शनिवारी करू, मी पण येईन, दीड तासाच्या अंतरावरच आहे.

मधुरा_एडिसन

नक्की या, जेवायलाच या. तोपर्यंत त्या डागावर देवघराचा चौरंग ठेवलाय, पायांना फेल्ट लावून, आणि समईखाली ताट.